सत्रांमधल्या सुट्टीत मित्रांसह मोटारीने युरोप: गोव्याचा वाहन परवाना आणि मार्ग यांविषयी विचारणा

अंत्रुजकर

नमस्कार. मी मूळचा फोंड्याचा असून २० सप्टेंबरपासून म्युनिक येथे दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी राहत आहे. आमच्या परीक्षा फेब्रुवारीत संपतात आणि पुढचे वर्ग एप्रिलच्या मध्यात सुरू होतात. मधल्या सुट्टीत गाडी भाड्याने घेऊन २८ मार्च ते ५ एप्रिल असे नऊ दिवस फिरायचे आम्ही चौघांनी ठरवले आहे. माझ्यासोबत रत्नागिरीची एक मैत्रीण, गोव्यातल्याच साष्टी तालुक्यातला एक मित्र आणि नागपूरचा एक मित्र असेल. म्युनिकहून व्हिएन्ना, तेथून बुडापेस्ट, झाग्रेब, स्प्लिट, व्हेनिस, मिलान, झुरिच आणि परत म्युनिक असा मार्ग आखला आहे.

गाडी मीच चालवणार आहे. माझ्याकडे गोव्याचा चार वर्षे जुना परवाना आहे, निघण्यापूर्वी काढलेला आंतरराष्ट्रीय परवानाही आहे, आणि चोर्ला व अनमोड हे दोन्ही घाट मी पावसाळ्यात चालवलेले आहेत. रत्नागिरीच्या मैत्रिणीकडेही हे दोन्ही परवाने आहेत. ती ५ ऑक्टोबरला येथे आली, पण तिला फारसा सराव नाही. साष्टीचा मित्र दोन वर्षांपासून येथे आहे. त्याच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट असल्यामुळे, म्हणजे तो युरोपीय नागरिकच असल्यामुळे, गोव्याच्या परवान्यावर गाडी चालवण्यास त्याला कोणतीही आडकाठी नसावी असे आम्ही धरून चाललो आहोत. हे बरोबर आहे का?

दुसरा प्रश्न घरचा आहे. आई दर फोनला "गाडी कशाला, आगगाडीने जा" एवढेच म्हणते. बाबा काही बोलत नाहीत, पण त्यांनी नकाशा उघडून प्रत्येक टप्प्याचे अंतर वहीत उतरवून काढले आणि त्या पानाचे छायाचित्र मला पाठवले. खाली बेरीज होती: सुमारे २९०० किलोमीटर. त्याखाली त्यांनी काहीच लिहिलेले नव्हते. आमची आखणी खरोखरच चुकीची आहे का, हे अनुभवी लोकांकडून जाणून घ्यायचे आहे.

मांडवीकाठ

मी पणजीचा असून सात वर्षांपासून बव्हेरियात नोकरी करतो. मार्गाविषयी नंतर लिहितो, कारण त्याआधी तुमच्या तारखांमध्ये एक गंभीर अडचण दिसते आहे.

युरोपीय संघाबाहेरच्या देशाचा वाहन परवाना जर्मनीत तुमचे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच चालतो. तुम्ही २० सप्टेंबरला आलात, म्हणजे २० मार्चच्या सुमारास तुमचा गोव्याचा परवाना येथे निरुपयोगी ठरतो, आणि तुमचा प्रवास तर २८ मार्चला सुरू होतो. ज्यांचा मुक्काम एकूण बारा महिन्यांपेक्षा अधिक नसतो त्यांना ही मुदत वाढवून मागता येते, पण दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आलेल्यांना ती सवलत लागू होत नाही. आंतरराष्ट्रीय परवान्यावर एक वर्षाची मुदत छापलेली असते, तिच्यावर विसंबून राहू नका. तो स्वतंत्र परवाना नसून मूळ परवान्याचा सर्वमान्य अनुवाद आहे आणि मूळ परवाना चालेनासा झाला की त्यालाही अर्थ उरत नाही. मुदत संपल्यावर गाडी चालवणे हा येथे साधा दंडाचा विषय नाही, तो फौजदारी गुन्हा आहे. विद्यार्थ्याच्या निवास परवान्यावर त्याची सावली पडू शकते आणि अपघात झाला तर विमा कंपनी सगळा खर्च तुमच्याकडून वसूल करण्याच्या मागे लागू शकते. गाडी भाड्याने देणाऱ्या काउंटरवरचा माणूस परवाना पाहून किल्ली देईलही, पण तुम्ही जर्मनीत कधी आलात हे तपासणे त्याचे काम नाही. किल्ली हाती पडली म्हणजे सगळे नियमात बसले असे मुळीच समजू नका.

साष्टीच्या मित्राविषयीचा तुमचा समज आपल्या गोव्यातल्या अनेकांचा असतो, म्हणून स्पष्ट लिहितो. पासपोर्ट पोर्तुगीज असला तरी परवाना गोव्याचा आहे, आणि येथे परवाना कोणत्या देशाने दिला हे पाहिले जाते, चालकाचे नागरिकत्व कोणते हे नाही. दोन वर्षे झाल्यामुळे त्याची मुदत केव्हाच संपलेली आहे. त्याला जर्मन परवाना काढावा लागेल. त्यासाठी लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ठरावीक तासांचे सक्तीचे प्रशिक्षण मात्र आपल्यासारख्या परवानाधारकांना माफ असते. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. या सगळ्याला काही महिने सहज लागतात, त्यामुळे या प्रवासापुरता त्याचा विचार सोडून द्या.

यावर सरळ उपाय आहे, तो म्हणजे प्रवास मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणणे. तेव्हा तुमचा परवानाही चालेल आणि रत्नागिरीच्या मैत्रिणीचाही, कारण तिची मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आहे. तिचे नाव दुसरी चालक म्हणून करारात लिहून घ्या. ज्याचे नाव करारात नाही त्याने दहा मिनिटे जरी गाडी चालवली तरी तेवढ्या वेळेपुरता विमा हातचा जातो. पंचवीस वर्षांखालील चालकासाठी बहुतेक ठिकाणी रोज वेगळे शुल्क आकारतात, अनामत रक्कम मुख्य चालकाच्या क्रेडिट कार्डावर अडकवली जाते आणि गाडी कोणकोणत्या देशांत नेण्यास परवानगी आहे हे करारात लिहिलेले असते. ते पान दोघांनी मिळून शांतपणे वाचा. अपघातात स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम शून्य असेल असाच विमा घ्या. विद्यार्थ्यांनी नेमके तेथे पैसे वाचवू नयेत असे माझे ठाम मत आहे.

आता मार्ग. २९०० किलोमीटर म्हणजे नऊ दिवसांत पणजी-मुंबई जवळपास पाच वेळा. तुमच्या वडिलांनी बेरजेखाली काही लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे काही उरलेच नव्हते. म्युनिकहून साल्झबुर्ग, तेथून डोंगराखालच्या बोगद्यांतून स्लोव्हेनियातील ब्लेड, मग ल्युब्लियाना, त्रिएस्ते, व्हेनिस, वेरोना आणि ब्रेनर खिंडीतून इन्सब्रुकमार्गे परत असे वर्तुळ सुमारे १२०० ते १३०० किलोमीटरांचे होते. त्यात आल्प्स आहे, समुद्र आहे, आणि कोणत्याही दिवशी तीन-साडेतीन तासांपेक्षा जास्त गाडी चालवावी लागत नाही. ब्रेनरच्या उतारावर इन्सब्रुकजवळ युरोपाब्रुक हा १९६३ साली खुला झालेला पूल लागतो. तो दरीच्या तळापासून सुमारे १९० मीटर उंच आहे. ज्याने चोर्ल्याच्या वळणावर थांबून खाली पाहिले आहे, त्याने येथे चालकाच्या शेजारची जागा मागून घ्यावी.

पथकराचे गणित प्रत्येक देशात निराळे आहे. जर्मनीत मोटारींना पथकर नाही. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात ठरावीक दिवसांचे विन्येट, म्हणजे महामार्गाचा पथकर भरल्याचा पास, घ्यावे लागते. ते आता गाडीच्या क्रमांकाशी जोडलेले मिळते आणि भाड्याच्या गाडीचा क्रमांक आधी कळत नाही, म्हणून किल्ली मिळाल्यावरच ते घ्या. टाउएर्न बोगदा, ऑस्ट्रिया-स्लोव्हेनिया सीमेवरचा कारावांकेन बोगदा आणि ब्रेनरचा महामार्ग यांचा पथकर विन्येटमध्ये धरलेला नसतो, तो वेगळा भरावा लागतो. इटलीत आपल्यासारखी नाकी आहेत: आत शिरताना तिकीट घ्यायचे आणि बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे द्यायचे.

महामार्गावर वाहने तुंबली की सर्वांत डावीकडच्या रांगेने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधून रुग्णवाहिकेला वाट ठेवायची असते. वाहने पूर्ण थांबण्याआधीच हे करायचे असते. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा शेकडो गाड्या कोणी न सांगता दोन बाजूंना सरकल्या होत्या, आणि ते दृश्य आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

कुळागर

आईचे म्हणणे अगदीच सोडून देऊ नका, एवढेच सांगण्यासाठी लिहितो. व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि मिलान ही आगगाडीने पाहायची शहरे आहेत. तेथे मोटार म्हणजे दिवसभर पैसे देऊन उभी करून ठेवायची वस्तू. युरोपातल्या अनेक देशांच्या आगगाड्यांत चालणारा इंटररेलचा पास युरोपात कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळतो आणि २७ वर्षांपर्यंत तरुणांचा सवलतीचा दर लागू होतो. मात्र स्वतः राहतो त्या देशात त्यावर जाताना एकदा आणि येताना एकदाच प्रवास करता येतो. जेथे रेल्वे नीट पोहोचत नाही, अशा डोंगरांतल्या खोऱ्यांसाठी गाडी राखून ठेवा.

सत्तरीची लेक

मी वाळपईची. इटलीत दोन वर्षे शिकले आणि त्या काळात मैत्रिणींबरोबर तीन वेळा मोटारीने फिरले. मांडवीकाठ यांनी कागदपत्रांविषयी सर्व लिहिलेच आहे, म्हणून मी रस्त्यावरचे लिहिते.

पहिली गोष्ट उजव्या बाजूची. पोर्तुगालने १९२८ साली वाहतूक उजवीकडे नेली, तरी शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानात डावी बाजू असल्यामुळे गोव्यात डावीच राहिली, नाहीतर आपल्याला हे जन्मापासून येत असते. महामार्गावर चूक होत नाही, कारण पुढे-मागे वाहने असतात आणि आपण त्यांच्यामागून जातो. चूक होते ती सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, पंपावरून किंवा हॉटेलच्या आवारातून बाहेर वळताना. पहिल्या दिवशी गिअर बदलायला माझा डावा हात दहा वेळा तरी दारावर आपटला आणि प्रत्येक वेळी नजर रस्त्यावरून हलली. त्यामुळे पहिली गाडी ऑटोमॅटिक घ्या, भाडे थोडे जास्त पडले तरी चालेल. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणाआधी मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचे हा नियम आम्ही केला होता. तिसऱ्या दिवसानंतर त्याची गरज उरली नाही, तरी आम्ही तो शेवटपर्यंत पाळला. ज्या चौकात खूण नाही तेथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, हेही चौघांनी पाठ करून ठेवावे.

दुसरी गोष्ट इंधनाची. इटलीत डिझेलला बऱ्याच पंपांवर 'गासोलिओ' असे लिहिलेले असते. आमची गाडी डिझेलची होती, पाऊस पडत होता, आणि उतरलेल्या मैत्रिणीला 'गासोलिओ' हा शब्द गॅसोलीनसारखा, म्हणजे पेट्रोलसारखा वाटला. तो टाळून तिने शेजारची नळी उचलली आणि टाकीत पेट्रोल भरले. वीस लिटर गेल्यावर तिने पावती पाहिली आणि काचेवर टकटक केली. तोवर मी किल्ली फिरवलेली नव्हती, हे आमचे भाग्य. इंजिन सुरू न झाल्यामुळे केवळ टाकी उपसण्यावर निभावले, पण तो खर्च विम्यात बसत नव्हता आणि अर्धा दिवस गेला. तेव्हापासून मी नाव वाचतच नाही, खूण पाहते. २०१८ पासून युरोपीय संघातल्या पंपांवर पेट्रोलला गोल आणि डिझेलला चौकोनी चिठ्ठी असते. गोलात ई ५ किंवा ई १० आणि चौकोनात बी ७ असे लिहिलेले असते. नव्या गाड्यांत टाकीच्या झाकणाच्या आतही तीच खूण असते. दोन्ही जुळवा आणि मगच नळी उचला.

तिसरी गोष्ट जुन्या शहरांची. वेरोनासारख्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या वाहनांना मर्यादित प्रवेश असतो, आणि तेथे अडवायला पोलीस नसतो, कॅमेरा असतो. पांढऱ्या वर्तुळाला लाल कडा असलेली पाटी दिसली की थांबा. 'वार्को अत्तिवो' अशी अक्षरे दिव्यांत दिसतात. त्याचा शब्दशः अर्थ 'फाटक चालू' असा असल्यामुळे प्रवेश चालू आहे असे वाटते. प्रत्यक्षात कॅमेरा चालू आहे, आत येऊ नका, असा त्याचा अर्थ आहे. टस्कनीतल्या एका गावात आम्ही राहण्याचे ठिकाण शोधत त्याखालून दोनदा गेलो. गाडीच्या कंपनीने आमचा पत्ता कळवल्याचे शुल्क आधी कापले आणि खरे दंड काही महिन्यांनी टपालाने आले, दोन वेळा गेलो म्हणून दोन. गाडी गावाबाहेर लावा आणि चालत जा. व्हेनिसमध्ये तर पुलाच्या टोकाशी असलेल्या वाहनतळांपलीकडे मोटार शिरूच शकत नाही. मेस्त्रे येथे ती उभी करून आगगाडीने पुलावरून जाणे सर्वांत सोयीचे.

आणि एक मनातले सांगते. गाडी चालवणाऱ्याला प्रवासातले सर्वांत कमी दिसते. आमच्या पहिल्या सहलीत मी एकटीच चालवत होते. संध्याकाळी बाकीच्या दिवसभराची छायाचित्रे पाहत बसायच्या आणि त्यातल्या निम्म्या जागा मला आठवायच्याही नाहीत, कारण तेव्हा माझे डोळे आरशात असायचे. चौथ्या दिवशी क्षुल्लक कारणावरून, कोणी तरी पाण्याची बाटली मागे विसरली म्हणून, मी ओरडले. पुढच्या दोन्ही वेळी आम्ही मधला एक पूर्ण दिवस गाडीला हात न लावण्याचा ठेवला, आणि तोच दिवस सर्वांना अधिक आठवतो. दुसऱ्या चालकाचा सराव आधी करून घ्या. एखाद्या रविवारी, दुकाने बंद असताना, शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यांवर तिला दोन तास चालवू द्या.

बार्देसकर

मी म्हापशाचा. माझी मुलगी तीन वर्षे फ्रान्समध्ये होती, त्यामुळे तुझ्या वडिलांच्या वहीचे ते पान वाचताना मला माझीच वही आठवली. मुलाला नाही म्हणायचे नसते आणि झोपही लागत नसते, तेव्हा आमच्यासारखी माणसे अंतरे मोजत बसतात.

माझ्या मुलीने केलेली एक गोष्ट सांगतो. तिने निघण्यापूर्वी गाडीचा क्रमांक, विम्याच्या कागदाचे छायाचित्र, सोबतच्या प्रत्येकाच्या घरचा फोन क्रमांक आणि रोजच्या मुक्कामाचा पत्ता एका कागदावर लिहून आम्हाला पाठवला. वाटेत छायाचित्रे पाठवली नाहीत तरी चालेल, पण संध्याकाळी गाडी उभी केली की "पोहोचलो" एवढे लिहायचे, असे ठरले. तिच्या आईने आठ दिवस फोन हातातून खाली ठेवला नाही, पण रोज तो एक शब्द आल्यावर ती जेवायला बसायची. युरोपातही संकटकाळचा क्रमांक आपल्यासारखाच ११२ आहे, हेही घरी सांग. ऐकून धीर येतो.

नव्या मार्गाची बेरीज तुझ्या वडिलांनाच करू दे.

अंत्रुजकर

सर्वांचे मनापासून आभार. सहा महिन्यांचा नियम आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हता, आणि गाडीची नोंदणी आम्ही पुढच्या आठवड्यात करणार होतो, हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

आता आम्ही २ ते १० मार्च असे दिवस धरले आहेत. म्युनिकहून निघून पहिला मुक्काम साल्झबुर्ग, मग ब्लेड येथे दोन रात्री, त्यातला दुसरा दिवस गाडी न चालवण्याचा. त्यानंतर पोस्तोयनाची गुहा वाटेत घेऊन त्रिएस्ते. पाऊस असला तरी गुहेत अडत नाही, आणि आत बारा महिने सुमारे दहा अंश तापमान असते असे वाचले. पुढे मेस्त्रे, पादुआ, वेरोना आणि ब्रेनरमार्गे परत. व्हिएन्ना आणि बुडापेस्ट उन्हाळ्यात आगगाडीने पाहू.

पादुआ साष्टीच्या मित्रामुळे आले. त्याच्या आजीचा सांत अँतोनवर फार जीव आहे. त्यांच्या वाड्यावर १३ जूनचे फेस्त ती कधी चुकवत नाही. संत जन्माने लिस्बनचा असला तरी त्याची समाधी पादुआच्या बॅसिलिकेत आहे, आणि नातू तेथून चाळीस किलोमीटरांवर येऊन मिलानकडे निघून जाणार होता, हे कळल्यावर आजी त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. आधीच्या मार्गात आम्ही त्या शहरावरून न थांबता पुढे गेलो असतो. आता तेथे एक रात्र आहे.

बाबांना नवा मार्ग पाठवला. तासाभराने वहीचे पान आले, बेरीज १२९० किलोमीटर. खाली लिहिले होते: "वेरोना ते म्युनिक एका दिवसात नको, इन्सब्रुकला थांबा." ते आम्ही मान्य केले आहे. आईने निघताना डब्यात बांधून दिलेली सोलां, म्हणजे आमसुले, अजून शिल्लक आहेत, ती बरोबर घ्यायला तिने सांगितले; म्हणजे तिचाही होकार आला असे मी समजतो.

एकच शंका उरली. मार्चमध्ये हिवाळी टायर लागतात का, आणि भाड्याच्या गाडीला ते असतातच का?

मांडवीकाठ

लागतात. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ, बर्फाळ चिखल किंवा गोठलेले पाणी असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. जर्मनीत तारखा नाहीत, पण परिस्थिती तशी असेल तर नियम तोच. मार्चच्या सुरुवातीला साल्झबुर्गच्या दक्षिणेला आणि ब्रेनरवर बर्फ पडणे अगदी नेहमीचे आहे. काही ठिकाणी हे टायर वेगळे पैसे देऊन मागावे लागतात, म्हणून नोंदणी करतानाच ते लिहून घ्या आणि गाडी ताब्यात घेताना चारही टायरांजवळ वाकून पाहा. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण, अशी खूण प्रत्येकावर असली पाहिजे. नुसते एम आणि एस लिहिलेले टायर जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी म्हणून धरले जात नाहीत. डिकीत धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चमकती बंडी आहे ना, तेही त्याच वेळी पाहून घ्या. बंडी बहुधा एकच ठेवलेली असते. तुम्ही चौघे आहात, तर आणखी तीन विकत घ्या आणि त्या डिकीत न ठेवता आसनाखाली, हाताशी ठेवा.

चौघांपैकी कोणाचे निवास कार्ड अद्याप आलेले नसेल आणि व्हिसाची मुदत संपली असेल, तर त्याने सीमा ओलांडण्यापूर्वी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. बाकीच्यांनी पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही मूळ स्वरूपात जवळ ठेवावे. साल्झबुर्ग किंवा कुफस्टाइनकडून जर्मनीत परतताना गाड्या थांबवून तपासणी होते, आणि तेव्हा फोनमधले छायाचित्र चालत नाही.